वाइनची चव आणि दिंडोरीची जमीन

नाशिकला जाऊन आलो असं सांगितलं की पूर्वी आमच्या वस्तीत पहिला प्रश्न यायचा, "काळाराम पाह्यलं का?" आता पंचविशीतली पोरं विचारतात, "वाइनरीत गेले होते का?" प्रश्न बदलला म्हणून आम्ही कपाळाला हात लावून बसणार नाही. ज्यांच्या आजोबांना मंदिराच्या दारातून हाकललं, त्यांची नातवंडं आज तिकीट काढून कुठल्याही दारातून आत जातात, ही बाबासाहेबांच्याच लढ्याची कमाई आहे. पण आत गेल्यावर आपण काय बघतो, हा प्रश्न उरतो. तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याहून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्या तरुणांचे द्राक्षमळ्यातले फोटो मोबाइलवर फिरू लागले आहेत. मागे हिरव्या वेलींच्या रांगा, हातात लांब दांड्याचा ग्लास. खाली मित्रांच्या प्रतिक्रिया. त्यांत सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि आता हे? दुसरा म्हणतो, आमच्या बापजाद्यांनी हातभट्टी पिऊन पोलिसांचा मार खाल्ला, आम्ही स्वतःच्या पगारातून वाइन घेतली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

या भांडणात दोन्ही बाजू फक्त ग्लासाकडे बघतात. ग्लासातलं द्राक्ष ज्या वेलीचं आहे, ती वेल ज्या जमिनीत आहे आणि त्या जमिनीवर जे हात राबतात, त्यांचा उल्लेख कुठल्याच प्रतिक्रियेत नसतो. आम्ही नाशिकला गेलो ते या न झालेल्या चर्चेसाठी.

आम्ही पाच जण होतो. तिघे अमरावतीचे, दोघे अकोल्याचे. एक निवृत्त एसटी कंडक्टर काका, अकोल्याच्या एका वस्तीत दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांना एकत्र करणाऱ्या एक ताई, आणि बाकी आम्ही समाजकार्यात असलेले. २ मार्चला काळाराम सत्याग्रहाचा स्मरणदिन येतो, त्याला जोडून प्रवास आखला. रात्री बडनेऱ्याला गाडीत बसलो, अकोल्याला दोघं चढले, आणि पहाटेच्या अंधारात मनमाडला उतरलो.

मनमाड आपल्या इतिहासात फक्त गाडी बदलण्याचं जंक्शन नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला इथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं बाबासाहेबांनी तिथे बजावलं. त्यातला पहिला शत्रू आपल्या पाठ झाला आहे. दुसऱ्याचं नाव घेताना आपली जीभ अलीकडे अडखळते, कारण तो आपल्याला पाहुणा म्हणून बोलावतो आणि हसून खुर्ची देतो. पुढचे दोन दिवस हा विचार आमच्या डोक्यातून गेला नाही.

मनमाडहून येवला. मुक्तिभूमीवर वंदना घेतली. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच गावात केली. येवल्याहून नाशिकच्या बसमध्ये बसलं की वाटेत विंचूर लागतं. तिथे एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे केले. धर्मांतराची घोषणा झालेलं गाव आणि सरकारने उभी केलेली वाइनची वसाहत एकाच रस्त्यावर आहेत. काका खिडकीतून पाटी वाचत म्हणाले, "आपल्याकडे सरकारनं संत्र्यासाठी असं काही केलं असतं तं वरूड-मोर्शीचा शेतकरी असा मेला नसता." यावर पुढे येऊच.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूचा एक मळा बघायला गेलो. नाव लिहीत नाही, कारण आमचं म्हणणं एका मालकाबद्दल नाही. या भागात वाइन पर्यटन रुजवण्यात सुला विनयार्ड्सचा मोठा वाटा आहे. राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये तिने पाहुण्यांसाठी चव घेण्याची खोली उघडली. त्यानंतर सोमा, यॉर्क अशी नावं वाढत गेली, दिंडोरीकडे परदेशी कंपनीही आली. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.

तिकीट काढलं की एक गाईड सोबत येतो. आमचा गाईड जवळच्याच गावातला तरुण होता, बोलायला गोड आणि कामात चोख. स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या, थंडगार तळघरात ओक लाकडाची पिंपं दाखवली. वाइनचं द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळं असतं, हे नीट समजावलं. बारीक मणी, जाड साल, आत बी. शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां, शिराझ, कॅबरने सोविन्यों ही जातींची नावं. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साल बाजूला करतात, लालसाठी सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. नाशिकची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, कारण इथे वेलीची छाटणी पावसाळा संपल्यावर करतात. आम्ही वह्या काढून लिहून घेतलं. ज्ञान कुणाचंही असो, ते घ्यायला लाज कसली?

मग चव घेण्याचा कार्यक्रम. ग्लास दांड्याला धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट. आमच्यात कुणी प्यालं का, हे विचारलं जाणारच, म्हणून सांगून टाकतो: नाही. काकांनी सरळ विचारलं, "भाऊ, बिनानशेचं काही भेटन का?" त्या मुलाने हसत द्राक्षाचा रस आणून दिला. काकांनी तोही ग्लासात गोल फिरवला, वास घेतला. टेबलावरचे बाकी लोक सांगत होते, पेरूचा वास येतो, लवंगेचा येतो, ओल्या मातीचा येतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "द्राक्षाचा येऊन रायला." सगळं टेबल हसलं. काकाही हसले.

त्या हसण्यात कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. तरी समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला तिथे फ्रेंच अभ्यासक पिएर बोर्द्यू आठवल्याशिवाय राहत नाही. १९७९ च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात त्यांनी दाखवलं की आवड ही जन्मजात नसते. ती घरातून, शाळेतून, वर्गातून शिकवली जाते आणि मग आपली उंची दाखवायला वापरली जाते. आपल्या देशात त्याला जातीची आणखी एक पायरी आहे. इथे माणूस काय खातो आणि काय पितो, यावरून त्याची जागा शतकानुशतके ठरवली गेली. म्हणून एकाच आंबलेल्या रसाला दोन भाषा आहेत. झोपडीतून आला की त्याला वास मारतो, तळघरातून आला की त्याला सुगंध असतो. पिऊन रस्त्यावर पडलेला माणूस आमच्या वस्तीतला असला तर ती 'त्या लोकांची सवय' ठरते, आणि गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेला असला तर तो 'वीकेंड' ठरतो.

आमच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं होतं. आयटीतली माणसं, मोकळ्या स्वभावाची. ती अर्जेंटिनातल्या मेंडोझाला जाऊन आली होती. दक्षिण अमेरिकेतला हा सर्वांत नावाजलेला वाइनचा प्रदेश. ती सांगत होती, मागे अँडीज पर्वताचा बर्फ, पुढे मैलोन् मैल माल्बेक द्राक्षाच्या वेली, सायकलवरून एका वाइनरीतून दुसरीत जायचं, आणि शहरात प्रत्येक रस्त्याच्या कडेला झाडांच्या मुळाशी वाहणारे पाण्याचे पाट. ते पाट त्यांना सगळ्यात जास्त आवडले होते. आम्ही विचारलं, ते पाट कुणी काढले, हे तिथे सांगतात का? त्यांना आठवेना. एका फलकावर काहीतरी होतं, म्हणाले.

मेंडोझा हा जवळपास वाळवंटी मुलूख आहे. पाऊस वऱ्हाडातल्या सर्वांत कोरड्या तालुक्यापेक्षाही कितीतरी कमी. बर्फाचं पाणी पाटाने शेतात आणायची विद्या तिथल्या ह्वार्पे या मूळ रहिवाशांची. स्पॅनिश लोकांनी १५६१ साली शहर वसवलं ते त्यांच्या पाटांच्या आधारावर. पुढे त्याच ह्वार्पे लोकांना वेठीला धरून पर्वतापलीकडे चिलीत राबायला नेलं. आज काढणीच्या हंगामात त्या मळ्यांत राबणाऱ्यांत बोलिव्हियातून आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. द्राक्षाने भरलेलं टोपलं खांद्यावर घेऊन ट्रॉलीपर्यंत पळायचं, टोपलं ओतलं की हातात एक बिल्ला मिळतो, आणि दिवसाच्या शेवटी बिल्ले मोजून पैसे. पर्यटक सायकलवरून जातो तो याच रस्त्याने. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात तर याहून भयंकर रीत होती. मळ्यातल्या काळ्या आणि मिश्रवर्णीय मजुरांना मजुरीचा एक भाग म्हणून हलकी वाइनच पाजत. तिला 'डॉप' पद्धत म्हणत. कायद्याने ती बंद झाली, पण व्यसन आणि व्यसनी आईच्या पोटातच इजा झालेली मुलं हा वारसा मागे राहिला. जगात कुठेही जा, द्राक्षमळ्याचं सौंदर्य आणि मजुराची गुलामी यांचं जुनं नातं सापडतं.

मग नाशिकचं काय? हे विचारायला आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणाऱ्याला गेलो. गंगापूर धरण ओलांडून थोडं पुढे हे गाव आहे. तिथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूचे कोकणा, महादेव कोळी, वारली आदिवासी जोडपी, तरुण पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया. बागायतदार किंवा त्यांचा माणूस येतो, भाव ठरतो, पिकअपमध्ये बसवून नेतो. बरंचसं काम उक्तं, म्हणजे एकराच्या हिशेबाने टोळीला दिलेलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावणं, शेंडे मारणं, खाण्याच्या द्राक्षाला घड विरळणं आणि औषधात बुडवणं, शेवटी काढणी. वाइनच्या द्राक्षाला यातली काही कामं कमी लागतात, पण कात्री आणि पाठ तीच. फवारणी सुरू असताना बाजूच्या ओळीत काम करणाऱ्या बाईच्या तोंडाला फक्त पदर असतो.

पेठकडच्या एका बाईशी ताईंनी बराच वेळ गप्पा मारल्या. बाई दहा वर्षांपासून द्राक्षाच्या कामाला येत होती. वाइनचं द्राक्ष तिला बरोबर ठाऊक होतं. बारीक असतं, बी असतं, ते खायचं नसतं, असं तिने सांगितलं. आदल्या दिवशी गाईडने अर्ध्या तासात जे शिकवलं, ते तिला हाताने माहीत होतं. आम्ही काल आत जाऊन आलो, असं ताईंनी सांगितल्यावर तिने विचारलं, "आत काय दाखवतात?" ताई म्हणाल्या, टाक्या दाखवतात, पिंपं दाखवतात. बाईने मान हलवली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

तो प्रश्न आमच्यासोबत वऱ्हाडात परत आला. ज्या वेलीला तिने दहा हंगाम कापलं, बांधलं, खुडलं, तिचं पुढे काय होतं, हे तिला कुणी दाखवलं नाही. आणि ज्यांना ते दाखवलं जातं, त्यांना ती दाखवली जात नाही. तिकीट एकाच गोष्टीचं असतं आणि ती गोष्ट मधोमध कापलेली असते. बाटलीवर द्राक्षाची जात असते, वर्ष असतं, डोंगराची उंची असते, मातीचं कौतुक असतं. मजुरी काय दिली, हे कुठल्याच बाटलीवर नसतं.

आता जमिनीकडे या. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याचं काळीज म्हणजे दिंडोरी तालुका. पर्यटकाला दिंडोरी वाइनसाठी ठाऊक आहे. आंबेडकरी माणसाला ती वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १९०२ साली दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम सत्याग्रहाची धुरा ज्यांनी वाहिली, तेच दादासाहेब. आपण त्यांना मंदिराच्या दारापाशी उभं करून ठेवतो आणि पुढचं विसरतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेबांनी आयुष्याची मोठी लढाई लढली ती जमिनीची. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह, ज्यात लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यात बौद्ध होते, तसे आदिवासी आणि इतर जातींचे भूमिहीनही होते. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, एवढी साधी मागणी होती.

ती मागणी अजून जिवंत आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले. रक्ताळलेल्या पायांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. त्यांतले बहुसंख्य सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी होते आणि त्यांच्या मुख्य मागण्यांत कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा ही होती. घरची जमीन नावावर नाही, असलेली पावसावरची, म्हणून पावसाळा संपला की द्राक्षमळ्याची मजुरी. गिरणाऱ्याच्या बाजारात उभं राहणाऱ्या माणसाची ही साधी गोष्ट आहे. दिंडोरीचा सुपुत्र ज्या प्रश्नासाठी तुरुंगात गेला, त्याच प्रश्नावर आज दिंडोरीची वाइन उभी आहे. आणि आपण तिथे जाऊन भांडतो ते ग्लास हातात धरावा की नाही यावर.

इथे एक आक्षेप येईल. वाइन उद्योगामुळे शेतकऱ्याला भाव मिळतो, गावात रोजगार येतो. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचं कारण नाही. आमचा गाईड त्याच रोजगारावर शिकत होता. द्राक्ष उत्पादकांतही कर्जात बुडालेले, एका गारपिटीत वर्षाचं पीक गमावणारे पुष्कळ आहेत. आमचं भांडण त्यांच्याशी नाही. आमचा सवाल सरकारला आहे. २००१ ची शुल्कसवलत झाली. त्यानंतर वाइन उद्योगाला प्रोत्साहन म्हणून वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फुटांच्या सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, आणि वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं सत्तेतल्या पुढाऱ्यांनी सांगितलं. कारण प्रत्येक वेळी एकच, शेतकऱ्यांचं हित. मग या सवलतीला अट का नाही? मळ्यातल्या मजुराला किमान वेतन, फवारणीपासून संरक्षण, लेकरांसाठी पाळणाघर, हे ज्याने दिलं त्यालाच परतावा, असं एक वाक्य शासन निर्णयात घालायला किती शाई लागली असती?

आणि ज्या सरकारला वाइनमध्ये शेतकऱ्याचं हित दिसतं, त्याला मेळघाटात काय दिसतं? आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोह वेचतो. मोहाचं फूल हे त्याचं अन्न, औषध आणि रोकड. पण मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि मोहफुलांचे नियम १९५० चे. कित्येक दशकं त्याला झाडाखालचं फूल घरात साठवायला आणि बाजारात न्यायला परवान्यांच्या भीतीत राहावं लागलं. फळ नाशिकचं असलं की उद्योग, फूल मेळघाटचं असलं की गुन्हा. हा फरक वनस्पतीने केलेला नाही. आम्ही मोहाच्या दारूचं समर्थन करत नाही, ताईंनी वस्तीतल्या बायकांसोबत आडव्या बाटलीसाठी उन्हात काढलेले दिवस आम्ही पाहिले आहेत. आम्ही फक्त सरकारच्या तराजूचा काटा दाखवतो आहोत.

दारूचा प्रश्न आपल्या चळवळीने नेहमी दोन पातळ्यांवर पाहिला आहे, आणि हे तरुणांनी नीट समजून घ्यावं. एक पातळी शीलाची. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे पत्र लिहून तक्रार केली. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. वस्तीतल्या बाईचा मार, पोराची सुटलेली शाळा, सावकाराचं कर्ज या सगळ्यांत दारू बसलेली असते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. दुसरी पातळी राज्याच्या तिजोरीची. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदीचं सरकारी धोरण रद्द करून उत्पादन शुल्काचा बुडणारा महसूल वाचवा, असं म्हटलं. तो पैसा त्यांना शिक्षणासाठी, विकासासाठी हवा होता. स्वतः न पिणारा माणूस हे लिहितो, यात विसंगती शोधणाऱ्यांना बाबासाहेब कळले नाहीत. शील माणसाने स्वतः पाळायचं, आणि राज्याने मिळालेल्या पैशाचा हिशेब द्यायचा. आज वाइनचा कर उत्पादकाला परत जातो आणि शिष्यवृत्तीचा हप्ता यायला वर्ष लागतं. हा हिशेब मागणं शीलाच्या विरोधात नाही, ते शीलाचंच पुढचं पाऊल आहे.

ज्या मित्रांचा तट प्रतिज्ञेचा आहे, त्यांना आमचं एवढंच सांगणं. पाचव्या शीलाचं कारण धम्माने स्पष्ट सांगितलं आहे, ते म्हणजे प्रमाद, बेसावधपणा. दारू बेसावध करते म्हणून ती वर्ज्य. पण न पिताही माणूस बेसावध असू शकतो. ग्लासाला हात न लावता मळ्यातून फोटो काढून परत आलात आणि त्या बाईचा प्रश्न तुमच्या कानावर पडला नाही, तर शील अर्धंच पाळलं गेलं. ज्यांचा तट कमाईचा आहे, त्यांना दुसरं सांगणं. तुमच्या पैशाचं तुम्ही काय करता, यावर पहारा ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण ज्या टेबलावर तुम्हाला जागा मिळाली म्हणून आनंद झाला, त्या टेबलावर वास ओळखता आला नाही म्हणून उद्या तुमच्याच काकांना कुणी हसलं, तर तुम्ही कुणाच्या बाजूने हसणार, हे आत्ताच ठरवा. आपल्याला चवीचं शिक्षण घ्यायला मनाई नाही. ते घेताना आपल्या माणसांची लाज वाटायला लागली, तर ते शिक्षण आपल्या उपयोगाचं नाही.

नाशिकमध्ये एक जागा अशी आहे जिथे हा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवला आहे. त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, त्या भिक्खूंच्या आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना एक टक्का व्याजाने. १००० दुसरीकडे, महिना पाऊण टक्का व्याजाने. त्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च. कुणी दिलं, कोणत्या कष्टकऱ्यांच्या संघटनेकडे ठेवलं, किती दराने, कशासाठी, सगळं उघड्यावर कोरलेलं. हे गोवर्धन गंगापूर रस्त्यावर आजही आहे, द्राक्षमळ्यांच्या शेजारी. त्या काळी विणकरांची श्रेणी राजघराण्याची ठेव सांभाळण्याइतकी पत राखून होती. आज त्याच गावावरून पिकअपमध्ये बसून जाणाऱ्या मजुराच्या नावाची नोंद एका वहीतही नीट नसते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. नाशिकला जाऊ नका, असं आम्ही कुणाला सांगणार नाही. जा, पण आपल्या वाटेने जा. वऱ्हाडातून निघालात तर मनमाडला उतरा, १९३८ आठवा. येवल्याला मुक्तिभूमीवर बसा. २ मार्चला काळारामपाशी उभे राहा. त्रिरश्मीचा शिलालेख वाचा, नसेल वाचता येत तर पाली-प्राकृत शिकलेल्या मित्राला सोबत न्या. दिंडोरीत आंबे गावी जाऊन दादासाहेबांना वंदन करा. मळा बघायचा तर बघा, आणि गाईडला तीन प्रश्न विचारा. या मळ्यात काम करणारे कुठून येतात? मजुरी रोजाने की उक्ती, आणि किती? फवारणीच्या दिवशी त्यांना काय देता? उत्तर मिळालं नाही तरी विचारा. पन्नास पाहुण्यांनी विचारलं की एक्कावन्नाव्याला उत्तर तयार ठेवावं लागतं. पर्यटकाच्या हातात तेवढी ताकद नक्की असते.

आणि परत आल्यावर वरूडच्या संत्र्याच्या बागेत जा. तिथे चव घेण्याची खोली नाही, तिकीट नाही, ओकची पिंपं नाहीत. तोडणीला आलेली माणसं मात्र तशीच आहेत, तशीच बिननोंदीची. पेठच्या त्या बाईला द्यायचं उत्तर आम्हाला आमच्याच जिल्ह्यात शोधायचं आहे. येत्या हंगामात वरूड-मोर्शीत तोडणीच्या मजुरांची नोंद करायला आम्ही पाच जण जाणार आहोत. मजुरी किती, काम किती तास, गाव कोणतं, जमीन किती, लेकरं शाळेत जातात का, एवढ्या पाच रकान्यांची वही आहे. ज्यांना सोबत यायचं आहे, त्यांनी यावं. वहीत जागा भरपूर आहे.

जय भीम.